फळ्यावरचा दिनविशेष

(युवक-युवतींच्या दोन दिवसांच्या अभ्यासवर्गात केलेलं भाषण. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



मला विषय दिलाय, 'आंतरराष्ट्रीय दिन का पाळायचे?' पत्रिका घरी आली तेव्हा माझा भाचा म्हणाला, "खाला, ह्याच्यावर तासभर काय बोलणार? गूगल केलं की यादी येते." त्याचं खरंय. संयुक्त राष्ट्रांच्या यादीत आज दोनशेहून जास्त दिवस आहेत. 2 मे हा टूना माशाचा दिवस आहे. 10 फेब्रुवारी डाळींचा. सायकलचा आहे, बुद्धिबळाचा आहे, चहाचासुद्धा आहे. चहाचा दिवस आपल्याकडे रोज पाळला जातो, त्याला ठराव लागत नाही. तर यादी वाचून दाखवायला मी आलेली नाही.

मी बत्तीस वर्षं माध्यमिक शाळेत इतिहास शिकवला. फळ्याच्या डाव्या कोपऱ्यात सुविचार आणि उजव्या कोपऱ्यात दिनविशेष, हे काम वर्गातली मुलं आळीपाळीनं करायची. एका वर्षी 25 नोव्हेंबरला नववीतल्या एका मुलीनं लिहिलं, 'आंतरराष्ट्रीय महिला हिंसाचार दिन'. 'निर्मूलन' हा शब्द गळाला होता. मागच्या बाकावरची मुलं हसली. मी खडू घेतला, शब्द घातला आणि धडा सुरू केला. मधल्या सुट्टीत ती मुलगी माझ्याकडे आली. म्हणाली, "मॅडम, हा दिवस कुणी ठरवला? त्यांना कसं कळलं?" मी म्हटलं, "काय कसं कळलं?" ती काही बोलली नाही. मला सहामाहीचे पेपर तपासायचे होते. मी म्हटलं, "संयुक्त राष्ट्रांनी ठरवला," आणि विषय संपवला.

मोहल्ला एकच असल्यामुळे पुढे वर्षभरात मला कळलं की तिच्या घरी रोज रात्री काय चालायचं. तिची आई एका पहाटे दोन पोरं घेऊन माहेरी निघून गेली, ही बातमी मी नळावर ऐकली. तेव्हा मला तो प्रश्न आठवला. त्यांना कसं कळलं. आज मी त्या प्रश्नाचं उत्तर द्यायचा प्रयत्न करणार आहे, उशिरा का होईना.

डोमिनिकन रिपब्लिक नावाचा कॅरिबियन समुद्रातला एक देश आहे. तिथे 1930 पासून राफाएल त्रुहियो नावाचा हुकूमशहा होता. त्याच्याविरुद्ध गुप्तपणे काम करणाऱ्या तीन बहिणी होत्या, पात्रिया, मिनेर्वा आणि मारिया तेरेसा मिराबाल. चळवळीत त्यांना 'फुलपाखरं' म्हणायचे. मिनेर्वानं कायद्याचं शिक्षण पूर्ण केलं, पण तिला वकिलीचा परवाना दिला गेला नाही. 25 नोव्हेंबर 1960 ला ह्या तिघी तुरुंगातल्या नवऱ्यांना भेटून परत येत होत्या. वाटेत गुप्त पोलिसांनी त्यांची जीप अडवली. तिघींना आणि त्यांच्या ड्रायव्हरला मारून टाकलं आणि प्रेतं जीपमध्ये घालून जीप दरीत ढकलली. जाहीर झालं ते असं, की अपघात झाला.

'अपघात' हा शब्द ऐकून तुमच्यापैकी काही जणींच्या मनात काय आलं असेल ते मला ठाऊक आहे. स्टोव्हचा भडका उडाला. विहिरीवर पाय घसरला. जिन्यावरून पडली. आपल्या गावातही हे अपघात होतात आणि ते बहुतेक वेळा सुनांनाच होतात.

पण त्या बेटावर कुणी अपघातावर विश्वास ठेवला नाही. सहा महिन्यांनी त्रुहियो स्वतःच मारला गेला. चौथी बहीण देदे मागे राहिली होती. तिनं बहिणींची मुलं वाढवली, त्यांचं घर जपलं, आणि 2014 मध्ये ती गेली तोपर्यंत येईल त्याला ती हकीकत सांगत राहिली. 1981 मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात लॅटिन अमेरिकेतल्या स्त्रीवादी कार्यकर्त्या जमल्या. त्यांनी ठरवलं की 25 नोव्हेंबर हा दिवस आपण पाळायचा. कुणाला विचारलं नाही, कुणाची परवानगी घेतली नाही. संयुक्त राष्ट्रांनी तो दिवस मान्य केला डिसेंबर 1999 मध्ये. मधली अठरा वर्षं तो दिवस फक्त बायकांनी पाळला.

म्हणजे मी त्या मुलीला जे सांगितलं ते चूक होतं. संयुक्त राष्ट्रांनी फक्त शिक्का मारला. आणि 'त्यांना कसं कळलं' ह्याचं उत्तर असं आहे, की त्यांच्या घरात घडलं होतं म्हणून कळलं.

आता थोडी कारभाराची माहिती देते, लवकर आटोपते. कुठला तरी सदस्य देश, बहुतेक वेळा आणखी काही देश बरोबर घेऊन, आमसभेत ठराव मांडतो. 193 देश आहेत. कधी मतदान होतं, बऱ्याचदा एकमतानं मंजूर होतो. युनेस्को किंवा आरोग्य संघटना ह्यांचेही आपापले दिवस असतात. ठरावासोबत पैसे सहसा येत नाहीत. देणगीतून भागवा असं म्हटलेलं असतं. म्हणून कंपन्या शिरतात. 8 मार्चला साडीवर वीस टक्के सूट आणि गुलाबी फुगे, हे तुम्ही पाहता. त्या 8 मार्चची तारीख 1917 च्या पेट्रोग्राडमधून आली आहे. कापड गिरणीतल्या बायका भाकरीसाठी रस्त्यावर उतरल्या आणि आठवडाभरात झार गादीवरून उतरला. त्याआधी 1910 मध्ये कोपनहेगनला क्लारा झेटकिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महिला दिनाचा ठराव मांडला होता, पण तारीख तेव्हा ठरली नव्हती. एक कबुली देते. मी कित्येक वर्षं मुलांना सांगत होते की 8 मार्च हा 1857 मधल्या न्यूयॉर्कच्या शिवणकामगार बायकांच्या संपाचा दिवस आहे. छापील पुस्तकात वाचलं होतं. पुढे कळलं की त्या संपाला आधारच सापडत नाही. इतिहासाची शिक्षिका होते मी. तेव्हा दिवस पाळताना आधी गोष्ट तपासा, मग फॉरवर्ड करा.

आता ज्या दिवसाबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचंय तिकडे येते. 21 फेब्रुवारी, आंतरराष्ट्रीय मातृभाषा दिन. आपल्याकडे तो आला कधी, गेला कधी, कळत नाही, कारण सहा दिवसांनी 27 ला कुसुमाग्रजांच्या जन्मदिवशी मराठी भाषा गौरव दिन असतो आणि शाळा ग्रंथदिंडीच्या तयारीत असते. पण मला वाटतं, दोनशे दिवसांत एखादा दिवस मुद्दाम तुमच्या-माझ्यासाठी लिहिला असेल तर तो हा आहे.

पाकिस्तान झाला तेव्हा त्याच्या निम्म्याहून जास्त लोकांची भाषा बंगाली होती. फेब्रुवारी 1948 मध्ये संविधान सभेत धीरेंद्रनाथ दत्त ह्या सदस्यानं साधी दुरुस्ती मांडली की इंग्रजी आणि उर्दूबरोबर सभेत बंगालीही चालावी. पंतप्रधान लियाकत अली खान ह्यांनी विरोध केला. हा मुस्लिम देश आहे, त्याची भाषा मुस्लिमांची भाषाच असणार, असा त्यांचा मुद्दा होता. महिनाभरानं, 21 मार्चला, जिना ढाक्याला आले आणि मैदानातल्या सभेत म्हणाले की राज्यभाषा उर्दू असेल, दुसरी कुठलीही नाही. हे भाषण त्यांनी इंग्रजीत केलं. त्यांची स्वतःची मातृभाषा गुजराती होती. मी हे वर्गात सांगायची तेव्हा मुलं हसायची, पण हसण्यासारखं त्यात काही नाही.

1952 च्या जानेवारीत पंतप्रधान ख्वाजा नाझिमुद्दीन ह्यांनी तेच पुन्हा सांगितलं, तेही ढाक्यात. 20 फेब्रुवारीला 144 कलम लागलं. 21 ला विद्यार्थ्यांनी ते मोडलं. मेडिकल कॉलेजच्या वसतिगृहाजवळ पोलिसांनी गोळ्या झाडल्या. रफीक, बरकत, जब्बार. दुसऱ्या दिवशी शफिउर. सलाम जखमी होता, तो एप्रिलमध्ये गेला. नावं ऐका जरा. ही आपल्या मोहल्ल्यातली नावं आहेत. बरकत विद्यापीठात शिकत होता. गोळी झाडायला लावणारं सरकारही मुसलमानांचं, मेलेलेही मुसलमान. आणि वाद काय, तर खरा मुसलमान कुठली भाषा बोलतो.

दोन दिवसांनी, 23 च्या रात्री, मेडिकलच्या विद्यार्थ्यांनी रात्रभर जागून एक स्मारक उभं केलं. 26 ला पोलिसांनी ते पाडलं. बायका-पुरुष दरवर्षी 21 फेब्रुवारीच्या पहाटे अनवाणी पायांनी फुलं घेऊन तिथं जात राहिले. त्याला ते 'प्रभात फेरी' म्हणतात, आपलाच शब्द. 1956 च्या राज्यघटनेत बंगालीला उर्दूच्या बरोबरीनं जागा मिळाली. 1963 मध्ये शहीद मिनारचं उद्घाटन झालं ते बरकतच्या आईच्या हस्ते. 1971 मध्ये सैन्यानं तो मिनारही पाडला. धीरेंद्रनाथ दत्त तेव्हा चौऱ्याऐंशी वर्षांचे होते. मार्चच्या शेवटी सैन्यानं त्यांना कोमिल्ल्यातल्या घरातून उचललं, ते परत आले नाहीत.

आणि हा दिवस आंतरराष्ट्रीय कसा झाला? कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये राहणाऱ्या बांगलादेशी माणसानं 1998 मध्ये कोफी अन्नान ह्यांना पत्र लिहिलं. त्याचं नाव रफिकुल इस्लाम. त्याच्या सोबत्याचं नाव अब्दुस सलाम. योगायोगानं दोन शहिदांचीच नावं. उत्तर आलं की अशी मागणी देशाकडून यायला हवी. मग बांगलादेश सरकारनं ती युनेस्कोकडे नेली आणि 17 नोव्हेंबर 1999 ला युनेस्कोनं दिवस जाहीर केला. पत्र लिहिण्यापासून सुरुवात झाली, हे तुम्ही लक्षात ठेवा. तुमच्यापैकी अनेकांना वाटतं की आपल्या पत्रानं काय होणार.

आता ढाक्याहून माझ्या घरी या.

2011 ची जनगणना. आमच्या दारात प्रगणक आले, ते दुसऱ्या शाळेतले एक शिक्षक होते, तोंडओळखीचे. चहा झाला. नावं विचारली, वयं विचारली. मातृभाषेच्या रकान्यात त्यांनी न विचारताच लिहिलं. मी म्हटलं, "काय लिहिलंत?" म्हणाले, "उर्दू." मी म्हटलं, "सर, मला उर्दू वाचता येत नाही. मी मराठी माध्यमात शिकले, मराठीत शिकवते, स्वप्नं पडली तर मराठीत पडतात." ते हसले. "मॅडम, मग काय मराठी लिहू?" असं म्हणाले, जणू मी काही गंमत करतेय. आतून माझे अब्बा आले. ते म्हणाले, "उर्दूच लिहा, सर. आपली जबान आहे." अब्बांना उर्दू वाचता येत होती, त्यांच्यासाठी ते खरं होतं. मी म्हटलं, अब्बांची उर्दू लिहा, माझी मराठी लिहा. दहा मिनिटं वाद झाला.

ह्या सगळ्या वेळात माझी अम्मी दाराशी उभी होती. अम्मी दखनी बोलायची. शुद्ध, सातारी वळणाची दखनी. "मेरेकु नक्को" म्हणायची. "मैंच जाती" म्हणायची. तो 'नक्को' मराठीतला 'नको' आहे आणि तो जोर देणारा 'च' सरळ मराठीतून दखनीत गेलेला आहे, हे भाषाशास्त्रज्ञ सांगतात. विजापूरच्या दुसऱ्या इब्राहीम आदिलशहानं 'किताब-ए-नवरस' हा ग्रंथ दखनीत लिहिला. पण मदरशातले उस्ताद आम्हाला सांगायचे की तुमची उर्दू बिघडलेली आहे. शाळेतल्या बाई कौतुकानं म्हणायच्या की मुसलमान असून हिचं मराठी किती छान आहे. मधल्यामधे अम्मीची भाषा म्हणजे दोन्हीकडची चूक, असं मी लहानपणीच शिकले. त्या दिवशी प्रगणकांनी अम्मीच्या नावापुढे उर्दू लिहिलं. अम्मीला कुणी विचारलं नाही. प्रगणकानं नाही, अब्बांनी नाही, मीही नाही. माझ्या मराठीसाठी मी भांडले आणि अम्मीच्या दखनीची मला लाज वाटली, हे खरं कारण आहे. अम्मी आता नाही. रकाना तसाच आहे.

म्हणून म्हणते, 21 फेब्रुवारीला कुणावर तरी बोट दाखवून भागत नाही. बांगलादेशात काय झालं पाहा. ज्यांनी भाषेसाठी रक्त दिलं त्याच देशात उर्दू बोलणारे लोक, ज्यांना बिहारी म्हणतात, 1971 नंतर कित्येक दशकं छावण्यांत राहिले. ढाक्याच्या मोहम्मदपूरमधली जिनिव्हा कॅम्प ही त्यातली मोठी वस्ती. त्यांचं नागरिकत्व तिथल्या उच्च न्यायालयानं स्पष्टपणे मान्य केलं ते 2008 मध्ये. कालचा पीडित आज दुसऱ्याच्या दारात प्रगणक होऊन उभा राहू शकतो. आपल्या देशातही सिल्चरला 19 मे 1961 रोजी बंगालीसाठी अकरा जण गोळीबारात गेले, त्यात सोळा वर्षांची कमला भट्टाचार्य होती. आणि आपल्या मुंबईत संयुक्त महाराष्ट्रासाठी 106 हुतात्मे झाले. त्या लढ्यात डफ घेऊन गावोगाव फिरणारे शाहीर अमर शेख म्हणजे बार्शीचे मेहबूब पटेल, हे किती जणांना माहीत होतं? हात वर करा. बरं, पाच-सहा. मराठी आपली आहे हे सांगायला आपल्याला कुणाच्या दाखल्याची गरज नाही. सोलापुरात 1990 मध्ये पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन झालं, तेव्हा हेच सांगितलं गेलं.

पुढची जनगणना 2027 ची आहे. दारात माणूस येईल. तुम्ही काय लिहायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. उर्दू असेल तर उर्दू, मराठी असेल तर मराठी, कोकणी असेल तर कोकणी, दखनी असेल तर दखनी. पण घरातल्या म्हाताऱ्या बाईला आधी विचारा.

आता एक अवघड गोष्ट. काल रात्री गप्पा मारताना तुमच्यातल्या एका मुलानं मला विचारलं, "मॅडम, बाकी दिवसांचं ठीक आहे, पण आपला दिवस 15 मार्च आहे ना?" 15 मार्च 2019 ला न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चला जुम्म्याच्या नमाजच्या वेळी दोन मशिदींत एका माणसानं गोळीबार केला. 51 माणसं गेली. तीन वर्षांनी, 2022 मध्ये, आमसभेनं तो दिवस इस्लामद्वेषाविरोधी दिन म्हणून मंजूर केला. पाकिस्तानानं इस्लामी देशांच्या वतीनं ठराव मांडला होता. भारतानं आक्षेप नोंदवला की एकाच धर्माचा वेगळा दिवस का. तो वाद तुम्ही करा, चर्चेला वेळ ठेवला आहे. मला न्यूझीलंडचं सांगायचंय. तिथल्या पंतप्रधान जसिंडा आर्डर्न ह्यांनी संसदेत सांगितलं की मी त्या मारेकऱ्याचं नाव कधीही घेणार नाही. आणि महिन्याच्या आत संसदेनं लष्करी पद्धतीच्या बंदुकांवर बंदीचा कायदा केला, 119 विरुद्ध 1 मतानं. मेणबत्त्याही लागल्या, पण कायदाही झाला.

तर त्या मुलाला माझं उत्तर असं आहे. होय, 15 मार्च आपला आहे. तो पाळा. पण 22 ऑगस्ट हाही एक दिवस आहे, धर्म किंवा श्रद्धेमुळे झालेल्या हिंसाचारात बळी पडलेल्या सगळ्यांच्या स्मरणाचा. 2019 सालीच मंजूर झाला. त्यात पाकिस्तानातले ख्रिस्ती आणि अहमदिया येतात, इराकमधले यझिदी येतात, आपल्या देशातले कितीतरी येतात. तो आपण कधी पाळलाय? मी नाही पाळला. मलाही तो गेल्या वर्षीच कळला.

11 जुलैचं बघा. 1995 च्या जुलैमध्ये बोस्नियातल्या स्रेब्रेनित्सा गावात आठ हजारांहून जास्त मुस्लिम पुरुष आणि मुलगे मारले गेले. संयुक्त राष्ट्रांनी त्या गावाला सुरक्षित क्षेत्र म्हटलं होतं, नेदरलँड्सचे शांतिसैनिक तिथं होते. मारल्यानंतर गुन्हा लपवायला बुलडोझरनं कबरी उकरल्या आणि हाडं दुसरीकडे नेऊन पुरली. एकाच माणसाची हाडं दोन-तीन ठिकाणी सापडतात. आयांनी रक्ताचे नमुने दिले, डीएनएवरून ओळख पटवली जाते, आणि दरवर्षी 11 जुलैला पोटोचारीच्या कबरस्तानात त्या वर्षी ओळख पटलेल्यांचं दफन होतं. काही आयांनी दोन-चार हाडांचंच दफन केलं. हा स्मरणदिन आहे. ह्यात भाषण कमी आणि खोदकाम जास्त आहे.

ह्या दिवसाचा ठराव मे 2024 मध्ये आमसभेत आला. 84 मतं बाजूनं, 19 विरोधात, 68 तटस्थ. आणि ठराव मांडणारे देश कुठले होते? जर्मनी आणि रवांडा. साठ लाख ज्यूंना मारणारी जर्मनी, आणि 1994 मध्ये शंभर दिवसांत तुत्सींचा संहार झाला तो रवांडा. दोघांपैकी एकही मुस्लिम देश नाही. एक देश आपल्या आजोबांचा गुन्हा उघड मान्य करून तिथं उभा होता, आणि दुसरा आपल्या आजोळची कबर मागे ठेवून.

मग माझा प्रश्न. 27 जानेवारी, 1945 मध्ये ऑशविट्झची छळछावणी मुक्त झाली तो दिवस, 2005 पासून संयुक्त राष्ट्रांनी ज्यूंच्या नरसंहाराच्या स्मरणासाठी ठेवला आहे. आपल्या मोहल्ल्यात तो पाळायचा म्हटलं तर काय होईल? मला माहीत आहे काय होईल. लोक विचारतील, गाझाचं काय? बरोबर विचारतील. 29 नोव्हेंबर हा पॅलेस्टिनी जनतेशी एकजुटीचा दिवस आहे, 1977 पासून, आणि तोही पाळायला हवा, मोठ्या आवाजात. पण एका आईचं रडणं ऐकायला दुसऱ्या आईला गप्प बसवावं लागत नाही. दुसऱ्या महायुद्धात अल्बेनिया ह्या मुस्लिमबहुल देशातल्या लोकांनी ज्यूंना घरात लपवलं आणि युद्ध संपलं तेव्हा त्या देशात आधीपेक्षा जास्त ज्यू होते. टिपू सुलतानाच्या वंशातली नूर इनायत खान नाझींविरुद्ध लढताना पकडली गेली आणि 1944 च्या सप्टेंबरमध्ये दाखाऊच्या छावणीत तिला मारलं. 27 जानेवारीला आपण परके नाही. ज्यांना ह्यावर माझ्याशी भांडायचं आहे त्यांनी जेवणानंतर यावं, मी इथंच आहे.

माझा अनुभव असा की ज्या दिवशी आपण पीडित असतो तो दिवस पाळायला गर्दी होते. ज्या दिवशी आपल्या घरातला कुणी समोरच्या बाजूला असतो, त्या दिवशी सतरंजी रिकामी असते. मी एकदा आमच्या मोहल्ल्यात 25 नोव्हेंबरचा कार्यक्रम ठेवला. नऊ बायका आल्या. एक बुजुर्ग निरोप पाठवून म्हणाले, "आपा, आधीच बाहेरचे आपल्याला नावं ठेवतात, त्यात तुम्ही घरातलं चव्हाट्यावर कशाला आणता?" त्यांची भीती खोटी नाही. बाहेरचे आपल्या बायकांचं दुःख आपल्याविरुद्ध वापरतात, मी पाहिलंय. पण 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या लग्न झालेल्या बायकांपैकी सुमारे 29 टक्के बायकांनी नवऱ्याकडून हिंसा झाल्याचं सांगितलं. सगळ्या धर्मांच्या बायका. म्हणजे बाहेर बोट दाखवणाऱ्यांच्या घरीही तेच आहे. म्हणून आपण गप्प बसावं असं त्यातून निघत नाही. 2005 चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा सगळ्या धर्मांच्या बायकांना लागू आहे. त्यात नवऱ्याला तुरुंगात न टाकताही राहत्या घरात राहण्याचा हक्क मागता येतो, संरक्षणाचा आदेश मिळतो, खर्च मिळतो. जिल्ह्यात संरक्षण अधिकारी असतात. 181 हा फोन नंबर आहे. हे सगळं त्या नऊ बायकांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. त्यातल्या एकीनं नंबर ओढणीच्या टोकावर पेननं लिहून घेतला, कागद घरी न्यायची सोय नव्हती म्हणून.

ती नववीतली मुलगी मला मागच्या वर्षी एसटी स्टँडवर भेटली. आता नर्स आहे. कडेवर बाळ होतं. "मॅडम, ओळखलंत?" म्हणाली. आई तिच्याकडेच राहते. मी तिला म्हटलं, "त्या दिवशी तू मला विचारलंस आणि मी तुला विचारलं नाही." तिला तो दिवस आठवत होता, तारखेसकट. म्हणाली, "तुम्ही शब्द दुरुस्त केलात, मॅडम. मी घरी जाऊन वहीत लिहिला, निर्मूलन. अर्थ आईनं विचारला होता." तेवढ्यात तिची गाडी लागली.

तर चहा आलाय असं दिसतंय. चहानंतर गट पडतील. प्रत्येक गटाला एक कोरं कॅलेंडर मिळेल. त्यात संयुक्त राष्ट्रांचे दिवस लिहू नका, ते मोबाइलमध्ये आहेत. तुमच्या गावात, तुमच्या गल्लीत, तुमच्या घरात पाळायला हवा पण कुणी पाळत नाही असा दिवस लिहा. तारीख आठवत नसेल तर घरी फोन करून आईला, दादीला, नानीला विचारा. आणि ज्या गटाला एकही तारीख सापडणार नाही, त्यांनी माझ्याकडे या. माझ्याकडे दोन-तीन आहेत.